दर गृहभेटीला 'सगळं छान', आणि मग एकदम 'हिला घेऊन जा'. विचारायचं काय?

नवखी_केसवर्कर
फॉस्टर कुटुंबांच्या, म्हणजे दत्तक न घेता दुसऱ्याचं मूल काही काळ सांभाळणाऱ्या घरांच्या, कामात मी नवीन आहे. प्रशिक्षणात कायदा, फॉर्म, अहवालाचा नमुना, सगळं झालं. एखाद्याच्या घरात जाऊन बसल्यावर बोलायचं काय, हे मात्र कुणी शिकवलं नाही.

एका घरी सहा वर्षांची मुलगी आहे. दर भेटीला आई म्हणायची, "सगळं छान चाललंय." मुलगीही शांत, शहाणी, सांगितलं ते ऐकणारी. परवा एकदम फोन: "आम्हाला नाही झेपत, हिला दुसरीकडे हलवा." चौकशी केल्यावर कळलं की ती रात्र रात्र जागी असते, उशीखाली खायचं लपवते, आणि मारते फक्त आईला. बाबांशी, शेजाऱ्यांशी अगदी गोड. या आठवड्यात मला पुन्हा जायचंय. काय विचारू?

दोन_दत्तक_एक_फॉस्टर
ताई, खरं सांगू का? तुमच्यापैकी कुणी दारात आलं की आमच्या पोटात गोळा येतो. अहवाल लिहिणार तुम्ही, मूल राहणार की जाणार तेही तुमच्या शब्दावर. मग काल रात्री मी बाथरूमची कडी लावून रडले, हे तुम्हाला कोण सांगेल?

'कसं चाललंय' विचारूच नका, त्याचं उत्तर आमच्याकडे तयार असतं. 'रात्री कोण उठतं?' विचारा. 'शेवटची सलग झोप कधी झाली?' विचारा. आणि आईला एकटीला गाठा. नवरा शेजारी बसून "हिलाच जरा टेन्शन येतं" म्हणत असेल तर ती कप्पाळ बोलणार!

जुनी_सुपरवायझर
वरच्या ताईंशी सहमत. माझी भर 'शांत, शहाणी' या दोन शब्दांवर. ते वाचलं की मी फाइल बाजूला काढून ठेवते.

१९५० च्या आसपास ब्रिटनमधले समाजकार्यकर्ते जेम्स रॉबर्टसन रुग्णालयात आईवडिलांपासून दूर राहिलेल्या लहान मुलांचं निरीक्षण करत होते. आधी आकांत, मग हताशपणा, आणि शेवटी एक अलिप्तता. त्या शेवटच्या टप्प्यातलं मूल हसतं, खातं, कुणाकडेही जातं, आणि नर्सना वाटायचं की रुळलं बुवा. पुढे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या मांडणीत हे टप्पे आले. आपल्या अहवालांतलं 'मूल छान रुळले आहे' हे वाक्य मला म्हणून पटकन पचत नाही.

आता तुमची मुलगी. फक्त आईलाच मारते, याचा अर्थ आई वाईट असा काढू नका. अशी मुलं बरेचदा जिथे जीव अडकायला लागलाय तिथेच पारखून बघतात, कारण जवळच्या माणसाने सोडून जाणं त्यांनी आधी पाहिलेलं असतं. हे आईला स्पष्ट सांगा. तिला वाटत असतं की पोरीला आपण नकोशा आहोत. खाण्यासाठी उशी तपासणं बंद. मुलीचा स्वतःचा एक डबा ठेवायचा, तो तिच्या देखत भरायचा, आणि रिकामा झाला तरी चकार शब्द काढायचा नाही.

प्रशिक्षणाबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० च्या सुमारास एक मोठा अभ्यास सुरू झाला. संस्थांमधली १३६ लहान मुलं, त्यातली निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून फॉस्टर घरांत दिली. जी दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली, त्यांची पालकांशी जवळीक जास्त चांगली रुजली. हा निष्कर्ष सगळे सांगतात. पण तिथल्या सोशल वर्करना दर आठवड्याला अमेरिकेतल्या अनुभवी तज्ज्ञांशी आपल्या केसेसवर बोलायला मिळत होतं, हे कुणी सांगत नाही. त्या शहरात फॉस्टर केअर तेव्हा जवळजवळ नव्हतंच, म्हणजे कार्यकर्तेही तुमच्यासारखेच नवखे. आपल्याकडे सुपरव्हिजन म्हणजे 'किती भेटी झाल्या, फॉर्म भरला का'. ते हिशेब तपासणं झालं. घरातून निघताना तुमच्या छातीवर जे ओझं येतं, ते ठेवायला ठरलेला वार आणि ठरलेलं माणूस मागून घ्या. नाही मिळालं तर बरोबरीच्या दोघी-तिघींनी आपसात सुरू करा. ते नसलं की लोक नोकरी सोडतात, आणि मुलीच्या वाट्याला आणखी एक अनोळखी बाई येते.

मीच_ती_फाइल
मी दत्तक गेलेला. मोठेपणी स्वतःची फाइल पाहिली. माझ्या सुरुवातीच्या काळाबद्दल ओळ काय, तर 'समायोजन समाधानकारक'. मी रात्री कपडे पिशवीत भरून झोपायचो, हे त्यात कुठेच नाही. कारण मला कुणी विचारलंच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्कांच्या १९८९ च्या करारातलं १२ वं कलम हेच तर सांगतं, मुलाचं म्हणणं ऐकून घ्या.

तिच्याकडे आधीच्या घराचं काही आहे का? फोटो, फ्रॉक, काहीही? असेल तर ते कुठे ठेवलंय बघा. माळ्यावर असेल तर खाली काढायला सांगा.

नवखी_केसवर्कर
सगळ्यांचे आभार. पण आईने आताच हात टेकलेत. मी जाऊन "थांबा" म्हटलं तर तिच्यावर जबरदस्ती नाही का होणार?

जुनी_सुपरवायझर
'थांबा' म्हणूच नका. 'हलवायचं नसेल तर तुम्हाला काय लागेल?' एवढं विचारा आणि गप्प बसा. बहुतेक वेळा उत्तर झोप असतं. आठवड्यातल्या दोन रात्री मुलगी ओळखते असं कुणी घरी येऊन राहू शकेल का, ते जायच्या आधी ऑफिसातून लेखी मंजूर करून घ्या. रिकाम्या हाताने जाऊ नका. आणि तरीही ती नाही म्हणाली तर तिला दोष न देता मुलीचा निरोप नीट होईल असं बघा. नव्या घरी एकदोनदा जाऊन येणं, मग मुक्काम, मग सामान. तो डबासुद्धा सोबत द्या.