वडोदऱ्यात एसी सर्व्हिसिंगची सवलत नेमकी कधी द्यावी?

दांडियाबाजारकर
सर्वांस नमस्कार. दांडिया बाजारात आमचे एसी दुरुस्तीचे दुकान आहे आणि बहुतेक गिऱ्हाईक रावपुरा, बाबाजीपुरा व प्रतापनगर या भागांतले, जुने आहे. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला की फोन थांबत नाहीत आणि कारागिरांना कामे वेळेवर उरकत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत मात्र तेच कारागीर रिकामे बसतात. माझ्या भागीदाराचे म्हणणे असे, की लोकांना गरज असते तेव्हाच, म्हणजे मे महिन्यात, सवलत जाहीर करावी, कारण जाहिरात वाचली जाते ती तेव्हाच. मला हे पटत नाही, पण त्याला देण्याजोगे ठोस उत्तर हवे आहे. जाणकारांनी आणि गिऱ्हाइकांनीही मत द्यावे.

कारेलीबागचा हिशेबनीस
मे महिन्यात ज्याचा एसी बंद पडला आहे, तो चार पैसे वाचावेत म्हणून फोन करीत नाही. आज माणूस येईल का, एवढेच तो विचारतो. त्याला सवलत दिल्याने गल्ला तेवढा हलका होईल, पण एकही काम वाढणार नाही, कारण कारागीर तेवढेच आहेत. सवलतीचा उपयोग गरज येऊ घातलेली असते, पण जाणवू लागलेली नसते, तेव्हा होतो.

आपल्या शहरात ती वेळ उत्तरायणानंतर येते. १४ आणि १५ जानेवारीला पतंग उडवून झाले की गच्चीवरच्या आउटडोअर युनिटभोवती मांजाचे गुंते आणि फाटके कागद अडकलेले असतात. दोरा पंख्याच्या दांड्यात गुंडाळला गेला आणि कोणी तसाच एसी सुरू केला, तर मोटरवर ताण येतो. गच्ची आवरताना हे सर्वांच्या नजरेस पडते, म्हणून त्याच आठवड्यात संदेश पाठवावा, सवलत तेव्हा सर्वांत मोठी ठेवावी आणि होळीपर्यंत ती उतरवत आणावी. मे महिन्यात दर नेहमीचाच असू द्यावा. मात्र ज्यांनी हिवाळ्यात काम करून घेतले, त्यांच्या तक्रारीला आधी माणूस मिळेल, असे लेखी आश्वासन द्यावे. भागीदारांना हा हिशेब पटावा.

अकोट्याच्या गृहिणी
हिशेबनीसांचे म्हणणे योग्य आहे. एक भर घालते. मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात आणि ज्या घरात दहावी-बारावीचे मूल अभ्यासाला बसलेले असते, तिथे ड्रिलचा आवाज आणि पाण्याचा पसारा कोणालाच नको असतो, तेव्हा अशा घरांचे काम फेब्रुवारीतच आटोपावे. दुसरी वेळ पावसाळ्यातली. हवेतली आर्द्रता वाढल्याने एसीतून पाणी जास्त निघते, ड्रेन पाइप तुंबला की ते भिंतीवर ओघळते, आणि तेवढ्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे मोजणे जिवावर येते. फक्त पाइप साफ करण्याचा वेगळा, माफक दर जूनमध्येच कळवलात, तर आमच्यासारख्यांची मोठी सोय होईल.

एक विनंती मात्र मनापासून करते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, कित्येकांचे फ्रिज आणि वॉशिंग मशीन बुडाले. अशा वेळी गरज टोकाची असते, आणि म्हणूनच तिथे ऑफरचा फलक लावू नये. भिजलेले यंत्र पुरते वाळवून, तपासून घेतल्याशिवाय त्याला वीज जोडू नका, एवढी सूचना सोसायटीच्या ग्रुपवर टाकावी आणि दर नेहमीचाच ठेवावा. माणसे अडचणीत असताना त्यांच्याशी कोण कसे वागले, हे आम्ही वर्षानुवर्षे विसरत नाही.

मांजलपूरचा सेवा-व्यवस्थापक
हंगामाइतकेच प्रत्येक गिऱ्हाइकाचे स्वतःचे वेळापत्रकही महत्त्वाचे आहे. आपल्या बिलबुकात मागच्या सर्व्हिसिंगची तारीख, यंत्र कोणत्या मजल्यावर आहे, गॅस कधी भरला, हे सारे असणारच. ते एका वहीत महिन्यावार उतरवून काढल्यास कोणाला केव्हा फोन करायचा, हे आपोआप कळेल. सरसकट संदेशापेक्षा 'आपल्या बेडरूमच्या एसीची सर्व्हिसिंग गेल्या मार्चमध्ये झाली होती' हे वाक्य अधिक वाचले जाते, कारण त्यात त्या घराची माहिती असते. घाऊक एसएमएस पाठवणार असाल, तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे नोंदणी करावी लागते आणि ज्यांनी जाहिराती नाकारल्या आहेत, त्यांना वगळावे लागते. जुन्या गिऱ्हाइकांना मात्र दुकानातून एखाद्या ओळखीच्या माणसाने फोन करावा. रावपुऱ्यातल्या वयस्कर मंडळींशी मराठीत बोलल्यास ती तारीख लगेच ठरवतात.

दांडियाबाजारकर
आपणा सर्वांचा आभारी आहे. बिलबुके आज रात्रीच काढतो आणि पाइप-सफाईचा वेगळा दर भागीदाराशी बोलून या आठवड्यात ठरवतो. परीक्षेच्या घरांची नोंद वहीत कशी ठेवावी, हे कोणी सुचवू शकेल का?