युक्रेनी लेखिका, भाषा आणि राष्ट्रीय अस्मिता

वाचनवेडी (राजारामपुरी):
आमच्या वाचन मंडळात पुढच्या महिन्यात मला आजच्या युक्रेनी लेखिकांवर बोलायचे आहे. माझा भाचा वैद्यकीय शिक्षणासाठी युक्रेनमधल्या खारकीवला होता आणि २०२२ मध्ये युद्धामुळे परतला. तो सांगतो की तेथे बाजारात आणि ट्राममध्ये त्याच्या कानावर बहुधा रशियनच पडत असे. माझे आजोळ निपाणीचे. घरात जी भाषा, त्याच राज्याचा माणूस, हे समीकरण मी तेथे लहानपणापासून पाहत आले आहे. मग रशियन बोलणाऱ्या घरातली बाई युक्रेनी अस्मितेची लेखिका कशी होते? आणि स्वेतलाना अलेक्सिएविच यांनाही यात घ्यावे का?

पंचगंगाकाठ:
ताई, अलेक्सिएविच यांचा जन्म युक्रेनमधला असला तरी त्या बेलारुसच्या, आणि लिहितात रशियनमध्ये, त्यांना वगळावे. तुमच्या मूळ प्रश्नासाठी विक्टोरिया अमेलिना वाचा. जन्म १९८६ चा, पश्चिम युक्रेनमधल्या ल्विव शहरातला. घर रशियन बोलणारे आणि शाळाही रशियन माध्यमाची. त्यांच्या २०१७ च्या, युक्रेनी भाषेतल्या कादंबरीत ल्विवमध्ये स्थायिक झालेल्या एका सोव्हिएत लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबाची कथा घरातला कुत्रा सांगतो. ही योजना मला फार मार्मिक वाटते, कारण कोणाची मातृभाषा कोणती याच्याशी कुत्र्याला काही कर्तव्य नसते. घर कोणते, एवढेच त्याला कळते.

२०२२ नंतर कथा-कादंबरी बाजूला ठेवून त्या युद्धगुन्ह्यांच्या नोंदी करू लागल्या. लेखक वोलोदिमिर वाकुलेन्को यांनी रशियन सैनिक धरून नेण्यापूर्वी आपली दैनंदिनी बागेत चेरीच्या झाडाखाली पुरून ठेवली होती. ती अमेलिना यांनी वाकुलेन्कोंच्या वडिलांसोबत उकरून काढली. जून २०२३ मध्ये क्रामातोर्स्क येथील उपाहारगृहावर क्षेपणास्त्र पडले, त्यात त्या जखमी झाल्या आणि १ जुलैला गेल्या. वय ३७.

निवृत्त मास्तर (शिवाजी पेठ):
वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु भाषेचा मुद्दा इतक्या सहजी बाजूला सारता येणार नाही. झारच्या १८७६ च्या एम्स फर्मानाने युक्रेनी पुस्तकांची छपाई जवळजवळ बंद पाडली होती, आणि कवयित्री लारिसा कोसाच यांनी ‘लेस्या उक्राइन्का’ (उक्राइन्का म्हणजे ‘युक्रेनी स्त्री’) हे टोपणनाव घेतले ते त्याच बंदीच्या काळात. ओक्साना झाबुझ्को यांची १९९६ ची गाजलेली कादंबरी या पिढीजात दडपणाचा हिशेब एका स्त्रीच्या देहावर आणि प्रेमसंबंधावर मांडते. मंडळात तिच्यातले उतारे वाचताना थोडा संकोच वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो.

ल्युबा याकिमचुक मात्र अवश्य घ्या. लुहान्स्क प्रांतातले पेर्वोमाइस्क हे त्यांचे गाव. त्यांच्या एका कवितेत युद्धाने गावांची नावेच फुटतात: लुहान्स्कमधला ‘लु’ जमीनदोस्त होतो, पेर्वोमाइस्कचे दोन तुकडे पडतात आणि शेवटी कवयित्रीच्या स्वतःच्या नावातला ‘बा’ तेवढा उरतो. ही नावे फळ्यावर लिहून एकेक अक्षर पुसत गेलात, तर कविता निम्मी समजावून झाली.

वाचनवेडी:
आपणा दोघांचे आभार. फळा मिळणार आहे. आपल्याकडे ‘बा’ म्हणजे बाप, तेव्हा तेथे क्षणभर थांबून खुलासा करावा लागेल. निपाणीच्या मामांनाही बोलावले आहे. ते भाषेवरून मास्तरांची बाजू घेणार, हे नक्की.