समितीचा अहवाल मंडळीपासून लपवायचा कशाला?

माजी खजिनदार: "चौकशी समितीचा अहवाल सभासदांच्या हाती दिला की बाहेर मंडळीची, म्हणजे आपल्या चर्चची, बदनामी होते" ही कालची पोस्ट वाचून रात्रभर झोप नाही. आमच्याकडे मिशन कंपाउंडातल्या बंगल्याच्या भाडेपट्ट्यावर समिती नेमली. वार्षिक सभेत सांगितलं, "अहवाल आला, स्वीकारला." एक पान कुणी दाखवलं नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची बिगरशेती जागा ३ वर्षांवर भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी लागते. ती घेतली होती का, एवढंच विचारतोय.

पाळकाची लेक: पोस्ट माझी. वडील पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू. त्यांच्यावर आरोप झाला, समितीने निर्दोष ठरवलं. पण त्याआधीच कच्चा अहवाल व्हॉट्सॲपवर फिरला. आई दोन वर्षं उपासनेला गेली नाही. बायबलात मत्तय १८ काय सांगतो? आधी एकांतात बोला.

माजी खजिनदार: ते १५वं वचन. १७व्यात मंडळीला सांगायला सांगितलंय, तेही वाचा.

थोरली सून: कबरस्थानाचं बोला आधी. सासऱ्यांच्या जागेचे पैसे घेतले, पावती नाही.

शनिवारचा कॉयर: तुम्हाला जागा तरी मिळाली. आम्हाला आजीच्याच कबरीत आजोबांना ठेवावं लागलं, आणि पैसे पूर्ण.

पाळकाची लेक: विषय अहवालाचा चाललाय!

थोरली सून: मग हा कशाचा आहे? कबरस्थान समितीचा हिशेब मागितला तर "अंतर्गत बाब" म्हणाले. माती आमच्या माणसावर पडली आणि हिशेब अंतर्गत?

डॅलसवासी: इथे अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या चर्चसंघाचं बघा. जून २०२१ मध्ये नॅशव्हिलला मंडळ्यांच्या प्रतिनिधींनीच ठराव केला, लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी संघाच्या कार्यकारी समितीने कशा हाताळल्या याची चौकशी होऊन अहवाल जाहीर व्हावा. कार्यकारी समिती वकिलांशी झालेला पत्रव्यवहार उघड करायला अडून बसली; ऑक्टोबरात ४४ विरुद्ध ३१ मतांनी नमली. मे २०२२ मध्ये २८८ पानं सगळ्यांसमोर आली. आरोपींची यादी कार्यालयात वर्षानुवर्षं पडून होती, हे तेव्हा कळलं. तुमच्यासारखेच "बदनामी" म्हणत होते तिथेही.

पाळकाची लेक: माझ्या वडिलांना त्या यादीशेजारी बसवू नका. जमिनीचा, पैशाचा अहवाल द्या, ठीक आहे. माणसावरच्या आरोपाचा कच्चा कागद मात्र निकालाआधी कुणालाही नको.

माजी खजिनदार: कच्चा नको, मान्य. तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. पण निकालानंतर निर्दोष ठरल्याचा कागद मंडळीत मोठ्याने वाचला असता, तर त्या दोन वर्षं घरी बसल्या असत्या का?

थोरली सून: आणि माझी पावती?