फिजिक्सच्या स्पर्धेत भांडण कशाला?

बाष्पकण:
आयवायपीटी ही शाळकरी मुलांची भौतिकशास्त्राची स्पर्धा. १९७९ साली मॉस्को विद्यापीठात येवगेनी युनोसोव्ह यांनी ती तिथल्या शाळांसाठी सुरू केली, १९८८ पासून ती आंतरराष्ट्रीय झाली. आधी मुक्काम मॉस्कोच्या आसपासच. मग १९९४ ला नेदरलँड्समधलं ग्रोनिंगन, २००४ ला ब्रिस्बेन, २०१७ ला सिंगापूर. १७ प्रश्न बरेच महिने आधी जाहीर होतात आणि ठरीव उत्तर परीक्षकांकडेही नसतं. पाच जणांचा संघ. एकजण १२ मिनिटांत आपलं काम मांडतो, दुसऱ्या संघाचा विरोधक त्यातले कच्चे दुवे काढतो, तिसऱ्याचा दोघांनाही तोलतो. या सामन्याचं नावच 'फिजिक्स फाइट'! माझ्या मते फिजिक्स ऑलिंपियाडच्या पाच तासांच्या पेपरपेक्षा हे संशोधनाच्या कितीतरी जवळ आहे.

तिरकस_किरण:
घड्याळ लावून, तेही इंग्रजीत? जो फाडफाड बोलेल तो जिंकेल. त्यापेक्षा वॉर्साची 'नोबेलकडे पहिलं पाऊल' ही स्पर्धा बघा. वाल्डेमार गोरझ्कोव्स्की यांनी १९९१-९२ मध्ये सुरू केली. एकट्यानं निबंध लिहायचा, विषय आपला, २५ पानांची मर्यादा. पहिला-दुसरा नंबर नसायचा. विजेत्यांना पोलिश विज्ञान अकादमीच्या भौतिकशास्त्र संस्थेत महिनाभर काम करायला मिळायचं. मला तरी हे संशोधन वाटतं.

बाष्पकण:
निबंधही इंग्रजीतच हो! आणि तो कुणी लिहून दिला हे कसं कळणार? इथे समोरचा उलटतपासणी घेतो. पाठ केलेलं दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

गावठी_प्रयोग:
मला प्रश्नच आवडतात. २०१८ चा एक: बाटली चांगली थंड करा, तोंडावर नाणं ठेवा, ते टकटक उड्या मारतं; का आणि कशावर अवलंबून? सोड्याची काचेची बाटली फ्रीजरमध्ये घालून केलं. बाहेर काढली की आतली हवा तापते, दाब वाढतो, नाणं उचललं जातं, हवा निसटते, पुन्हा बसतं. पाचेक ग्रॅमचं नाणं आणि पावणेदोन सेंटीमीटरचं तोंड धरलं तर हवा जेमतेम अर्धा अंश तापली की पुरे. खर्च शून्य.

सातवी_ब:
खर्च शून्य म्हणे! स्पर्धेत जायचं तर नाण्याची उडी हाय-स्पीड कॅमेऱ्यात धरून आलेख काढावे लागतात. महिनोन्‌महिने हाताशी म्हटल्यावर विद्यापीठातले ओळखीचे सर ज्याच्याकडे, त्याचा संघ भारी. आमच्या शाळेत प्रॅक्टिकलची वही आदल्या वर्षीच्या वहीवरून उतरवतात. ऑलिंपियाडला निदान कागद-पेन सगळ्यांना सारखं.

बाष्पकण:
सारखं? आणि क्लासची फी? कॅमेऱ्याचं मान्य. पण आज मोबाइलमध्येही स्लो-मोशन असतं.

तिरकस_किरण:
@गावठी_प्रयोग, तुमचा अर्धा अंश कोरड्या काठाचा. काठ ओला केला असेल तर पाण्याचा थर नाण्याला धरून ठेवतो, मग जास्त दाब लागेल. किती जास्त, मोजलंत?

गावठी_प्रयोग:
ओला केलाच होता, नाहीतर हवा कडेनं गुपचूप निसटते आणि नाणं ढिम्म. मोजायचं खरं, पण थर्मामीटर तोंडातून घातला की नाणं बसत नाही. बाटलीच्या बुडाला भोक पाडून आत तार सोडायची म्हणतोय. काच न तडकता भोक कसं पाडायचं, कुणाला ठाऊक आहे का?