'थिसल'ला मराठीत काय म्हणावं?

बागकामावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. त्यात 'ग्लोब थिसल' येतं: निळे, चेंडूसारखे फुलोरे, काटेरी पानं, युरोपातल्या बागांत हौसेने लावतात. कोशात 'काटेरी झुडूप' सापडलं. त्याने तर बाभळीपासून निवडुंगापर्यंत काहीही डोळ्यांसमोर येतं. नेमका शब्द आहे का?

– पिवळा धोतरा चालेल? पानं अगदी तशीच दिसतात.

– नाही हो. पिवळा धोतरा खसखशीच्या कुळातला, मूळचा मेक्सिकोचा. थिसल सूर्यफुलाच्या कुळातलं. काटे सारखे म्हणून नातं लागत नाही.

– ग्लोब थिसलला आपल्याकडे सख्खी बहीणच आहे की! उटकटारी. काही जण उंटकटारा म्हणतात, काही काटेचेंडू. शास्त्रीय नावात दोघींची प्रजाती एकच, एकिनॉप्स. देशावर माळरानावर, रस्त्याकडेला दिसते, फक्त फुलोरा पांढुरका. म्हणून तुमच्या लेखात सरळ 'निळी उटकटारी' लिहा. मला स्वतःला काटेचेंडू जास्त आवडतं, कारण न पाहिलेल्यालाही आकार कळतो.

– पण सगळ्याच थिसलना उटकटारी म्हणू नका. स्कॉटलंडच्या बोधचिन्हातलं थिसल वेगळ्या प्रजातीचं, त्याला 'थिसल'च राहू द्या. आणि 'सी हॉली' निळं, काटेरी असलं तरी थिसल नव्हेच, ते कोथिंबीर-गाजराच्या कुळातलं. वाचकाला थिसल म्हणजे काय हे एका वाक्यात सांगायचं तर करडईचं नाव घ्या. ती याच गोतावळ्यातली. गुरं आत शिरू नयेत म्हणून ज्वारी-गव्हाच्या कडेने करडई पेरतात, हे ज्याने पाहिलंय त्याला काटे वेगळे समजवावे लागणार नाहीत.

– आभार! निळी उटकटारी पक्कं. आणखी एक वाक्य अडलंय: मूळ खोल सरळ जातं, म्हणून रोप हलवलेलं सोसत नाही.

– 'उटकटारीला सोटमूळ असतं, त्यामुळे बी कायमच्या जागीच टोकावं.' टोकणं हाच शब्द ठेवा, 'पेरणी करावी' नको. पुढे खताचा उल्लेख असेल तर जपून. जमीन फार कसदार झाली की दांडे उंच वाढून लोळतात; तिथे 'पडतात'पेक्षा 'लोळतात' बरं, पिकासाठी आपण तेच म्हणतो. ऊन भरपूर हवं, आणि निचरा नसेल तर मूळ कुजतं.

– सुकवून फुलदाणीत ठेवायचे असतील तर चेंडू निळसर होऊ लागताच, फुलं उमलण्याआधी कापायचे. उशीर झाला की हातात भुगा येतो.

– हे वाक्यही लेखात आहे! तिथे 'भुगा होतो' असंच लिहिते.