भाऊ सर्व्हिसमध्ये असताना वारला, आता वहिनीले छावणीच्या गेटवर आत सोडत नाही, कोणतं कार्ड लागते?

आर्वीकडचा
नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ फौजेत हवालदार होता, मागच्या उन्हाळ्यात आजारपणानं गेला. फॅमिली पेन्शन सुरू झाली हाय, त्याची अडचण नाही. पण वहिनीजवळ युनिटनं दिलेलं जुनं डिपेंडंट कार्ड होतं, तेच घेऊन ती पोराच्या कानाच्या दवाखान्यासाठी अन् कॅन्टीनसाठी एका छावणीत गेली तर गेटवरच्या जवानानं कार्ड पाह्यलं अन् म्हणे हे आता चालत नाही, ज्याच्या नावावर हाय ते सर्व्हिसमध्ये नाहीत. आधार दाखवलं तरी नाही. वाईट बोलला नाही तो, पण वहिनी वापस आली अन् आता म्हणते मले जायचंच नाही तिकडं, आपलं नातं संपलं त्याईचं. हे मले लय लागलं. तिचा हक्क हाय का नाही? असला तर कागद कोणते, कुठं जाऊ? आईबाबाले पण कार्ड मिळते का?

माजी सुभेदार
भाऊ, हक्क पूर्ण आहे. वहिनींना पहिले हे सांगा. डिपेंडंट कार्ड सर्व्हिंग जवानाच्या नावावर असते म्हणून ते बंद झालं, बाकी काही नाही. आता त्यांचं स्वतःच्या नावाचं ओळखपत्र काढायचं, ते तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात निघते, म्हणजे तुम्हाला वर्धेलाच. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), मृत्यूचा दाखला, आधार, पासबुक, फोटो, अन् रेकॉर्ड ऑफिसकडून (जिथं जवानाची सेवेची नोंद असते) आलेले सगळे कागद, ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही. भाऊ आजारानं गेले म्हणून ओळखपत्र नाकारत नाहीत. त्यानं फक्त पेन्शनचा दर बदलतो, साधी फॅमिली पेन्शन 30 टक्के, सेवेमुळे मृत्यू मानला तर स्पेशल 60, लढाईतला असेल तर शेवटच्या पगाराइतकी पूर्ण.
कॅन्टीनचं स्मार्ट कार्ड वेगळं, जिथून सामान घेणार तिथल्या कॅन्टीनमध्ये विचारा. दवाखान्यासाठी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिक अन् त्यांच्या कुटुंबाची उपचार योजना, त्यात पोराचं कार्ड वेगळं निघते. आईबाबांचं म्हणाल तर ते अवलंबून पाहिजेत अन् उत्पन्न महिन्याला 9000 अधिक महागाई भत्ता याच्या आत पाहिजे, शेतीचं उत्पन्नही त्यात धरतात.

पुलगाववाला
एवढं कायले करता, आतमधल्या ओळखीच्या माणसाले फोन लावा, तो गेटवर येऊन पास बनवून नेते.

माजी सुभेदार
पास पाहुण्याला असतो भाऊ. त्या दिवसापुरता, अन् कोणी आतून हो म्हटलं तर. जवानाच्या बायकोनं दर वेळी कोणाच्या ओळखीवर का जावं?

यवतमाळची ताई
मी स्वतः यातून गेली आहे म्हणून लिहिते. सुभेदार साहेबांनी सांगितलं ते बरोबर, पण खरी अडचण नावाची येते. आपल्याकडे आधारवर स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं तीन शब्दांत असते, अन् फौजेच्या रेकॉर्डला कितीतरी जणींचं नुसतं पहिलं नाव लिहिलेलं असते, नाहीतर स्पेलिंग वेगळं, कोणाची जन्मतारीख वेगळी. पीपीओवर, आधारवर अन् बँकेत एकच नाव आहे का ते आज रात्रीच पाहून घ्या. नसेल तर दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं शपथपत्र तहसीलमधून करून ठेवा अन् दुरुस्तीचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. पोराचा जन्म पार्ट टू ऑर्डरमध्ये (फौजेतली घरच्यांची अधिकृत नोंद) चढला होता का तेही विचारा, नसेल चढला तर त्याचं कार्ड अडकते. माझ्या लेकीचं त्यातच अडकलं होतं.
अन् वहिनीला घेऊन जा, तुम्ही एकटे जाऊ नका, सही-अंगठा तिचाच लागते. सुरुवातीला मलाही त्या गेटकडे पाहवत नव्हतं. कार्ड स्वतःच्या नावाचं आलं तेव्हा जरा धीर आला.

सीएससी धामणगाव
स्पर्श पोर्टलवर (फौजेच्या पेन्शनची सरकारी वेबसाइट) वहिनीचं लॉगिन आहे का? पीपीओ तिथूनच निघते, मोबाईल नंबर मात्र वहिनीचा टाका, दिराचा नको, ओटीपी तिच्याकडं आला पाहिजे. वर्षाला हयातीचा दाखलाही तिथंच होते, तो राहिला तर पेन्शन थांबते. आमच्यासारख्या सेंटरवर हे काम होते, पण पासवर्ड कोणाजवळ ठेवू नका, आमच्याजवळ पण नाही.

आर्वीकडचा
सगळ्यायचे लय आभार. पीपीओ काढून पाह्यला, ताई म्हणतात तसंच, वहिनीचं नुसतं पहिलं नाव हाय. वहिनीले ताईची पोस्ट वाचून दाखवली, म्हणे सोमवारी वर्धेले मीही येतो. शपथपत्र आधी करू का आधी कार्यालयात विचारू?

यवतमाळची ताई
आधी कार्यालयात. शपथपत्राचा मजकूर त्यांना कसा पाहिजे तो लिहून घ्या, नाहीतर स्टॅम्प पेपर वाया जाते. अन् तिथं गेलेच आहात तर मुलांच्या वसतिगृहाचं पण विचारा. ग्रामपंचायतीत घरपट्टी माफीचा अर्जही द्या, राज्य सरकारची 2020 पासून योजना आहे, माजी सैनिक अन् सैनिकांच्या विधवांसाठी, गावात कोणी आपणहून सांगत नाही.