अनुभव धागा : मेस, कँटीन आणि झाकून ठेवलेलं ताट

पाऊलवाट :
परवा रात्री भाचीचा फोन आला. युनिव्हर्सिटीत जाऊन तीन आठवडे झालेत तिला. बोलता बोलता म्हणाली, मावशी, लॅब सुटेपर्यंत मेस बंद झालेली असते, मग मी बिस्किटं खाते आणि झोपते. फोन ठेवला आणि डोळ्यांसमोर एकदम आमच्या मेसचं मागचं दार आलं. शेवटच्या वर्षी आमची पण प्रॅक्टिकल्स लांबायची, मेस साडेआठला बंद, आम्ही तिघी नऊला धावत यायचो. पुढे कुलूप. पण मागे भांडी घासणं चालू असायचं आणि तिथले काका काही न बोलता आत बोट दाखवायचे. मंद आचेवर रुंद पातेल्यांत पाणी, त्यावर आमची ताटं, वर झाकण. धरताना बोटं भाजायची इतकं गरम. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही मागितलंही नव्हतं. एकदा भात खाली लागला होता तर म्हणाले, खरवड आवडते ना तुम्हाला, ती पण काढून ठेवलीय.
तुमचे मेसचे, कँटीनचे अनुभव लिहा. चांगले वाईट सगळे. भाचीला वाचायला देणारे.

झुळूक :
शेवटची बॅच!! साडेसातला जाणाऱ्यांना घट्ट डाळ आणि सव्वाआठला जाणाऱ्यांना त्याच डाळीत ओतलेलं गरम पाणी, वर मीठ पण वाढवायचे नाहीत. पैसे सगळ्यांचे सारखेच ना. मला अजून राग येतो. बाकी नंतर लिहिते, मुलाला क्लासला सोडायचंय

देवराई :
मी दीड वर्ष मेस कमिटीत होतो. आधी मलाही वाटायचं कंत्राटदार खातो सगळं. मग रोज खाली जायला लागल्यावर कळलं की निम्मा गोंधळ आकड्यांचा असतो. जेवायला किती जण येणार हे स्वयंपाकघराला आदल्या दिवशी माहीतच नसतं. परीक्षा संपली की अर्धं होस्टेल बाहेर जेवतं, स्वयंपाक मात्र सगळ्यांचा झालेला. दुसऱ्या दिवशी ते घाबरून कमी करतात आणि शेवटच्या बॅचला पाणी ओततात, झुळूक तुमचं दुखणं तेच आहे. आम्ही एक साधा कागद लावला, उद्या रात्री जेवणार नसाल तर दुपारपर्यंत खोली नंबर लिहा. पहिला आठवडा कुणी लिहिलं नाही, मी खोल्याखोल्यांत जाऊन सांगितलं, मग लिहायला लागले. दुसरी गोष्ट म्हणजे मोठे ट्रे काढून टाकले, नुसती ताटली. ट्रे असला की माणूस एकदाच सगळं भरून घेतो आणि टाकतो. ताटली असली की लागेल तसं परत जाऊन घेतो. टाकलेल्या अन्नाची बादली रोज मी स्वतः बघायचो, फरक डोळ्यांना दिसत होता.

शेवाळ :
देवराई, कंत्राट ताटामागे होतं का महिन्यावर? कारण आमच्याकडे महिन्याचे पैसे आधीच भरलेले, मग आम्ही जेवलो नाही की कंत्राटदाराचा फायदाच. चव सुधारायची त्याला गरजच काय. ताटामागे झाल्यावर महिन्याभरात भाजी खाण्यासारखी झाली

देवराई :
महिन्यावर. बरोबर पकडलंत. पण ताटामागे असलं की सुट्टीत तोटा नको म्हणून तेव्हा मेस बंद ठेवतात, आणि जे घरी जाऊ शकत नाहीत त्यांचे हाल होतात. आम्ही शेवटी कमीत कमी इतक्या ताटांचे पैसे देऊच असं ठरवून मध्यममार्ग काढला.

भिंगरी :
कुणी केटलमधे अंडी उकडायचं का?? आम्ही उकडायचो, सोबत बटाटे पण, वॉर्डनने दोन केटल जप्त केल्या होत्या

झुळूक :
@भिंगरी तुम्ही पण! आमच्या मजल्यावर तीन केटल एकदम लावल्या की फ्यूज जायचा, मग सगळ्या मुली अंधारात गॅलरीत, कधी कधी तिथेच गप्पांत बारा वाजायचे. माझी एक मैत्रीण त्या गॅलरीतच झाली, अजून रोज बोलतो आम्ही

सूक्ष्मदर्शक :
मी अन्न सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे पाऊलवाट यांच्या काकांबद्दल वाचून राहवलं नाही. त्या काकांनी जे केलं ते अगदी शास्त्रशुद्ध होतं. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवायचं नाहीतर ५ च्या खाली गार. मधल्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजलेलं अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. वाफेवर ठेवलेलं ताट चालतं, नुसतं झाकून टेबलावर ठेवलेलं नाही. मेसमधे सगळ्यात जास्त भीती मला भाताची वाटते. बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात रात्रभर पातेल्यात तसाच राहिला की ते वाढतात आणि उलट्या करणारं विष तयार करतात. ते विष परत गरम करूनही जात नाही. लोकांना वाटतं सकाळी चांगला परतला की झालं, नाही होत. उरलेला भात उथळ परातीत पसरून लवकर गार करून फ्रीजमधे टाकायला हवा, खोल पातेल्यात मधला भाग कितीतरी तास कोमट राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मधे पाच साधी सूत्रं काढली, स्वच्छता, कच्चं आणि शिजलेलं वेगळं, नीट शिजवणं, योग्य तापमान, आणि सुरक्षित पाणी व कच्चा माल. कुठल्याही मेसच्या भिंतीवर ती असावीत असं मला मनापासून वाटतं.

रानफूल :
बाप रे. आमच्याकडे रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन नाश्त्याला असायचा आणि दर महिन्याला कुणीतरी आजारी. आम्ही पाण्याला दोष देत राहिलो.

चांदणचुरा :
मला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. पहिल्या वर्षी काउंटरवर विचारलं यात दाणे आहेत का, नाही म्हणाले, आणि खरंच नव्हते. पण शेजारच्या भाजीत होते आणि डाव एकच. दहा मिनिटांत ओठ सुजले, श्वास लागायला लागला, रूममेटने माझ्या बॅगेतलं इंजेक्शन मांडीत मारलं म्हणून वाचले, मग हॉस्पिटल. नंतर मेसच्या लोकांशी बसून बोलले तेव्हा कळलं की त्यांना वाटत होतं भाजीत घातलं नाही म्हणजे झालं. एका डावाने, एका तळणीच्या तेलाने पण होतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सॅनिटायझरने हाताला लागलेले दाण्याचे अंश जात नाहीत, साबण पाणीच लागतं. त्यानंतर प्रत्येक पातेल्याला वेगळा डाव आणि समोर पाटी, यात दूध आहे, यात गहू आहे, यात दाणे आहेत. पाटी लिहायला पाच मिनिटं लागतात हो. पाऊलवाट, भाचीला कसली अॅलर्जी असेल तर रूममेटला आधी सांगून ठेवायला सांगा.

पाऊलवाट :
चांदणचुरा, वाचताना हात गार पडले. तुमच्या रूममेटला माझा नमस्कार सांगा. भाचीला अॅलर्जी नाही पण तिच्या खोलीतल्या मुलीला अंड्याची आहे, आजच सांगते.

शेवाळ :
नाश्त्याबद्दल कुणीच बोललं नाही. मी दोन वर्षं नाश्ता बुडवला, नुसता चहा. जिने चढताना धाप लागायला लागली, तपासणीत लोह कमी निघालं. डॉक्टर म्हणाल्या जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्याने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, तासभर अंतर ठेवा, आणि पालेभाजी डाळीबरोबर लिंबू किंवा आंबट फळ खा. मेसमधे लिंबू ठेवा म्हणून अर्ज केला होता मी! ठेवलं त्यांनी.

भिंगरी :
गॅस बंद करून येते, परत वाचते सगळं

वाळूघड्याळ :
मी जरा दुसऱ्या बाजूने लिहितो. माझे वडील एका होस्टेलच्या मेसमधे आचारी होते, वीसेक वर्षं. पहाटे चारला निघायचे. उन्हाळ्यात भट्ट्यांसमोर उभं राहून रात्री घरी आले की जेवण जायचं नाही त्यांना, नुसतं पाणी प्यायचे. मुलं त्यांच्याशी बोलायची ती फक्त तक्रार असेल तेव्हा, आणि तक्रार बहुतेक वेळा अशी की ज्यावर त्यांचा काही हक्क नाही, तेल किती, डाळ कुठली, हे वरून ठरायचं. एकदा तेल तीन दिवस तेच वापरा असं सांगितलं गेलं, काळं पडून फेस यायला लागला होता, वडिलांनी ते ओतून दिलं आणि त्यांचा एक दिवसाचा पगार कापला. घरी आईला एवढंच म्हणाले, पोरं खातात ते. हे मला आईने खूप वर्षांनी सांगितलं. पाऊलवाट, तुमचं वाचून मी आत्ता बाबांना फोन केला, तुम्ही पण ठेवायचात का ताटं म्हणून.

पाऊलवाट :
काय म्हणाले??

वाळूघड्याळ :
म्हणाले, ठेवायचो की, लॅबवाल्यांची आणि मॅच असली की खेळणाऱ्यांची. आणि मग बराच वेळ झाकणाबद्दलच बोलत होते. सपाट झाकण ठेवायचं नाही, त्याला वाफ धरते आणि पाणी भातात टपकतं, भाताचा गिच्च गोळा होतो. खोलगट झाकण घ्यायचं, ताटापेक्षा बोटभर मोठं, म्हणजे पाणी कडेने बाहेर उतरतं.

पाऊलवाट :
आमची झाकणं खोलगटच होती. मोठी, कडेला चेपलेली.